ब्रह्मकमळाच्या कळ्या दरवर्षी गळून राहिल्या? पाणी वाढवायच्या आधी पडलेली कळी उचलून बघा

मृगाच्या एकदोन सरी पडल्या की ब्रह्मकमळाच्या पानांच्या कडेला खाचेतून बारीक लालसर टोकं निघतात, घरातले सगळे रोज सकाळी जाऊन मोजतात, आणि मग आठदहा दिवसांत एकेक करून त्या कळ्या खाली पडलेल्या दिसतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग शेजारच्या काकू सांगतात, "पाणी कमी पडून राहिलं वो तिले, म्हणून गळून राहिल्या," की लगेच दोन मगे पाणी जास्त. कोणी म्हणतं खत टाका, कोणी म्हणतं जागा बदला. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या खेड्यात राहते, आमच्या भागात ओसरीवर, आंगणात, कडुनिंबाच्या फांदीला टांगलेलं असं हे झाड घरोघरी आहे आणि जून-जुलै आला की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

माझं म्हणणं एवढंच आहे की कळी गळणं हा एक रोग नाही, तीनचार वेगवेगळ्या कारणांचा शेवट तिथं होतो, आणि कोणतं कारण आहे ते पडलेली कळीच सांगते. म्हणून सकाळी झाडून टाकायच्या आधी पडलेल्या कळ्या वेचा, हातावर घ्या, आणि बघा किती मोठी असताना पडली, तिचा देठ हिरवा आहे की पिवळा, सुकून सुरकुतली का, कुठं कुरतडलंय का. हे बघितल्याशिवाय पाणी, खत, जागा काहीच बदलू नका. खास करून जागा. कळी दिसल्यावर कुंडी उचलून दुसरीकडं ठेवली किंवा नुसती फिरवली तरी उजेडाची दिशा बदलते आणि चांगल्या कळ्यासुद्धा झाड सोडून देतं.

आता हे झाड मुळात कुठलं ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं आणि बर्फाळ उंचीवरचं, त्यामुळं याला गार लागतं म्हणून फ्रीजचं पाणी घालणं वगैरे करू नका. आपल्या घरचं आहे ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलातलं. तिथं हे जमिनीत वाढत नाही, मोठ्या झाडांच्या बेचक्यात जो पालापाचोळा साचतो त्यात मुळं सोडून राहतं. म्हणजे मुळाला हवा भरपूर, पाणी येतं आणि लगेच निथळून जातं, वरून पानांतून गाळून आलेला उजेड. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं चपटं खोड आहे, म्हणून कळी पानाच्या कडेला येते. निवडुंग म्हटलं की लोक भर उन्हात ठेवतात, आणि फुलझाड म्हटलं की रोज पाणी घालतात, याला दोन्ही चालत नाही.

तर पहिली गोष्ट, कळी मुगाच्या किंवा तुरीच्या दाण्याएवढी असताना पडली आणि झाडावर बाकीच्या कळ्या तरतरीत आहेत, तर काहीच करू नका. झाड जेवढ्या कळ्या काढतं तेवढ्या सगळ्या पोसत नाही, जास्तीच्या स्वतःच टाकतं, कपाशीची पातेगळ कास्तकाराला माहीतच आहे, थोडी तर होणारच. सगळ्याच्या सगळ्या दाण्याएवढ्या असतानाच गेल्या तर मात्र पुढं वाचा.

कळी करंगळीएवढी झाली, लोंबायला लागली, आणि मग देठापासून पिवळी पडून गळली, तर बहुतेक वेळा दोष मुळांत असतो. आणि आपल्याकडं मुळाचा दोष म्हणजे काळी माती. आपल्या वावरातली माती कपाशीला सोनं आहे पण कुंडीत या झाडाला ती घातक आहे, कारण ओली झाली की ती फुगते, आतली हवेची सगळी जागा बंद होते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच. म्हणजे मे महिन्यात तहान आणि जुलैत गुदमरणं, दोन्ही एकाच कुंडीत. उन्हाळ्यात अर्धी मुळं वाळतात, पावसात उरलेली सडतात, आणि कळ्या आलेल्या असतात नेमक्या तेव्हाच. झाडाला फुलाचं ओझं पेलायला मुळं नसतात, ते कळ्या सोडतं. आपण वरून बघतो, पानं थोडी लुळी दिसतात, वाटतं पाणी कमी पडलं, अजून पाणी घालतो.

खात्री करायची असेल तर कुंडीच्या कडेला बोटानं माती उकरून एखादं मूळ बाहेर काढा आणि दोन बोटांत धरून हलकंच ओढा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं, ताठ लागतं, तुटताना कट् असं तुटतं. सडलेल्याची वरची साल बोटात निघून येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा तंतू राहतो, वासही येतो, डबक्याच्या तळाचा असतो तसा. थोडीच मुळं अशी असतील तर कळ्या असताना कुंडी बदलू नका, त्यानं उरलेल्या कळ्या नक्की जातात. त्याऐवजी कुंडीखाली दोन विटा किंवा कवेलूचे (कौलाचे) तुकडे सरकवा म्हणजे खालची भोकं मोकळी होतील, भोकात काडी घालून अडकलेली माती काढा, कुंडीखालची थाळी फेकून द्या. आणि वर बघा, कुंडी टिनाच्या पागोळीखाली आहे का. खूप घरी असते. आभाळातून पडतं ते पाणी वेगळं आणि अख्ख्या छपराचं पाणी एका धारेनं कुंडीत पडणं वेगळं. कुंडी हलवायची नाही म्हणून पागोळीच तिथं टिनाचा तुकडा किंवा अर्धा फाडलेला पाइप लावून बाजूला वळवा.

बहुतेक मुळं गेली असतील, खोडाचा बुडखा मऊ लागत असेल, तर यंदाच्या फुलांचा विचार सोडा आणि झाड वाचवा. वरची निरोगी, जाड, जुनी पानं वीतभर लांबीची कापून घ्या, सावलीत वाऱ्यावर आठवडाभर तशीच ठेवा, पावसाळी हवेत अजून दोनतीन दिवस जास्त, कापलेल्या जागी कोरडी खपली धरली पाहिजे. मग जेमतेम ओलसर मिश्रणात दोन इंच खोचा आणि काडीला बांधा. लगेच पाणी नाही, आठदहा दिवसांनी थोडं. अशा कलमाला फूल यायला साधारण दोनतीन वर्षं लागतात.

मिश्रण काय घ्यायचं यावर लोक विकतच्या वस्तूंची यादी मागतात, खेड्यात त्याची काही गरज नाही. जुन्या घराचे फुटके कवेलू सगळ्यांच्या मागच्या आंगणात पडलेले असतात, ते बोटाच्या पेरापेक्षा लहान फोडून घ्या, धूळ चाळून टाका. चुलीचा लाकडी कोळसा तसाच फोडून. सागाचा किंवा कोणताही कुजलेला पालापाचोळा, हातात चुरला तर भुगा झाला पाहिजे इतका कुजलेला. देवळात नारळाच्या शेंड्या ढिगानं मिळतात, त्या एकदोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, कात्रीनं बारीक करा. जाड रेती, बारीक धूळरेती नको. आणि शेणखत, पण वर्षभर कुजलेलं, काळं, वास नसलेलं, कारण कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात आणि त्या कुंडीत गेल्या की मुळं खाऊन साफ करतात, वरून काही कळतही नाही. मी साधारण पालापाचोळा दोन भाग, कवेलू एक, शेंड्या एक, कोळसा-रेती मिळून एक आणि शेणखत एक असं धरते, पण मापापेक्षा परीक्षा महत्त्वाची, मूठभर ओलं करून दाबा आणि मूठ उघडा, गोळा तसाच राहिला तर जड आहे, लगेच विसकटला तर बरोबर. काळी माती एक चिमूटही नको. कुंडी बदलायची वेळ म्हणजे थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत, नाहीतर फुलं संपल्यावर ऑक्टोबरात. आणि मोठी कुंडी नका घेऊ, हे झाड मुळं जरा दाटीत असली की चांगलं फुलतं, मोठ्या कुंडीत नुसती ओल साचून राहते.

आता एक कारण ज्याकडं कोणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे पाणी कुठलं घालता. कळ्या गळतात, शिवाय पानांच्या टोकाला तपकिरी वाळलेली कड दिसते, कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापडी धरते, तर ते क्षार आहेत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर वगैरे भागात हे सगळ्यात जास्त, तिथलं बोअरचं पाणीच खारं. पण बाकी विदर्भातसुद्धा एक सवय आहे, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना ओतायची. पाणी वाया जाऊ नये म्हणून करतो आपण, भावना बरोबर आहे, पण विचार करा, कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, रोज वरून नवीन पाणी भरतो, पुन्हा उडतं, पुन्हा क्षार उरतात. एप्रिल-मेमध्ये ताट्यांवर जो पांढरा कडक थर धरतो तोच त्या पाण्यात विरघळलेला असतो. उन्हाळाभर ते पाणी ब्रह्मकमळाला घातलं की मुळांची टोकं भाजतात, आणि जूनमध्ये कळ्या आल्या की हिशोब समोर येतो. ते पाणी आंगणात शिंपडा, या झाडाला नको. उपाय पावसाचाच, पहिले एकदोन जोरदार पाऊस जाऊ द्या, मग छपराचं पाणी पिपात साठवा आणि ते वापरा. पापडी धरलेल्या कुंडीत वरचा इंचभर थर खरवडून काढा आणि पावसाचं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्या, अर्ध्या तासानं पुन्हा एकदा, म्हणजे क्षार धुऊन जातात. निचरा चांगला असेल तरच हे करा.

कळी पडली पण देठ हिरवा, कळी मात्र सुकून सुरकुतलेली, तर ती हवेनं गेली. आपल्याकडं जूनच्या आसपास काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, ४५-४६ अंश, मग एक वादळी पाऊस, दोन दिवसांत १०-१२ अंशांनी उतरलं, हवा दमट, झाडाला वाटलं आला पावसाळा, त्यानं कळ्या काढल्या, आणि मग पावसाचा खंड, पुन्हा ४० आणि कोरडा वारा. या झाडाची पानावरची रंध्रं रात्री उघडतात आणि दिवसा बंद राहतात, त्याचं सगळं काम रात्री चालतं, त्यामुळं रात्रीही गरम झळा असल्या की ते जवळपास थांबतं. मे महिन्यात खत घालून काही उपयोग नाही तो यासाठीच. खंड पडला तर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कुंडीच्या आजूबाजूची जमीन भिजवा, पानांवर हलका शिडकावा करा, आणि कुंडीत दोन पेरं बोट घालून ओल नसेल तरच पाणी द्या. कोरडं ठणठणीत आणि मग एकदम पूर, हे कळीला सगळ्यात वाईट.

जागेचं म्हणाल तर माझ्या मते कडुनिंबाखालची जागा सगळ्यात चांगली, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि मे यायच्या आत नव्या पानांनी भरतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा गाळलेली सावली मिळते. झाड नसेल तर पूर्वेकडची ओसरी, सकाळी नऊपर्यंतचं ऊन आणि नंतर उजेड. पश्चिमेची भिंत नको, ती दिवसभर तापते आणि रात्रीही झळ मारते. टिनाच्या छपराच्या अगदी खाली टांगलेल्या कुंडीचंही तसंच. हिरवी जाळी लावायची तर ५० टक्क्यांची, मे महिन्यात दुहेरी. आणि कूलरच्या हवेच्या सरळ झोतात कुंडी नको, तासभर गार वारा आणि लाइट गेली की गरम, कळीला हे सोसत नाही. ऊन जास्त झालं तर पान आधी लालसर होतं, मग पांढरे चट्टे पडतात, ते चट्टे परत हिरवे होत नाहीत पण त्यासाठी पान कापू नका.

कुरतडलेली किंवा भोक पडलेली कळी सापडली तर रात्री टॉर्च घेऊन जा. पावसाळ्यात गोगलगायी कुंडीच्या खालच्या बाजूला बसलेल्या असतात, सोयाबीनमध्ये येतात त्याच, हातमोजा घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत नको. कळीच्या बुडाशी पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांना ओळख सांगायची गरज नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुंजका पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्यानं पुन्हा. मुंग्या दिसल्या तर घाबरू नका, कळीवर गोड रस पाझरतो त्यासाठी त्या येतात, कळी खात नाहीत, पण मुंग्यांची रांग लागली असेल तर पानाच्या मागं पिठ्या ढेकूण आहे का ते बघा, कारण त्याच्या चिकट पाण्यासाठीही त्या येतात आणि त्याला सांभाळतात.

फवारणीसाठी वावरातला पंप कृपा करून घेऊ नका. त्यात आधी तणनाशक भरलेलं असेल तर धुतल्यावरही अंश उरतो आणि शेंडे, कळ्या वाकड्यातिकड्या होऊन गळतात, कितीतरी घरी झाड अचानक बिघडण्याचं कारण हेच निघतं. कपाशीवरची औषधं तर घराच्या ओसरीवर आणूच नका, तिथं लेकरं खेळतात, पाण्याचा माठ असतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. फुलझाडासाठी एवढ्या जहाल औषधाची कधीच गरज नसते, साधी स्प्रे बाटली पुरते.

ज्यांच्याकडं कळ्याच येत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. घरात युरिया असतो म्हणून चिमूटभर टाकला जातो, त्यानं लांबच लांब गोल काठ्या निघतात आणि फूल नाही. अंधाऱ्या ओसरीतही तसंच होतं. जुनी पानं वेडीवाकडी दिसतात म्हणून छाटता, पण फूल येतं ते जुन्या पिकलेल्या पानावरच. खत द्यायचंच तर ठिबकसाठी आणलेलं ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) असतं, ते लिटरला एक ग्रॅम, मार्चपासून पंधरा दिवसांनी, मे महिन्यात बंद, पहिल्या पावसानंतर एकदा, आणि कळी दिसली की पूर्ण बंद. जास्त टाकलं तर ते पुन्हा क्षारच.

आणि काही जणांची तक्रार असते की कळी वीतभर झाली, फुगली आणि सकाळी बघतो तर लुळी पडून लोंबत होती, गळाली. अहो ती गळाली नाही, ती रात्री उमलून गेली. कळी निघाल्यापासून उमलेपर्यंत साधारण तीनचार आठवडे जातात, आधी ती खाली लोंबते, मग तिची मान वर वळायला लागते, आणि ज्या संध्याकाळी टोक सैल होऊन बाहेरच्या लालसर पाकळ्या सुटायला लागतात ती तिची रात्र. आठनऊला उघडायला सुरुवात, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण, उजाडेपर्यंत मिटलेलं. रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे ते, म्हणून पांढरं आणि म्हणून इतका सुवास. आपल्याकडं उमललं की दिवा लावतात, शेजारच्यांना बोलावतात, मला ते फार आवडतं, पण पूजेसाठी कुंडी आत देवघरासमोर नेऊ नका, त्याच झाडावरच्या मागच्या कळ्या त्यानं जातात. पाट कुंडीपाशी मांडा, फूल तिथंच पुजा. एका पावसाळ्यात दोनतीन बहर येतात, त्यामुळं जूनचा बहर गेला म्हणून झाडावर राग काढू नका, जुलै-ऑगस्टमधे हवा स्थिर झाली की येणारा बहर आपल्याकडं जास्त टिकतो.

वादळ येऊन राहिलं, कुंडी आत घ्यावीच लागते असं होतंच, त्यासाठी कळ्या दिसल्या की लगेच कुंडीच्या रस्त्याकडच्या बाजूला खडूनं नाहीतर चुन्यानं एक रेघ मारून ठेवा, म्हणजे परत ठेवताना त्याच जागी त्याच तोंडानं ठेवता येईल. आणि इतकं करूनही गळल्या तर विचारताना मला कळीचं माप, देठाचा रंग, पाणी बोअरचं की नळाचं की पावसाचं, आणि कुंडीत माती कोणती ते सांगा, नुसता "कळ्या गळतात" यावरून मला काहीच सांगता येत नाही.